अंतिम सामन्याचा दुसरा दिवस



इतिहासाच्या व्याख्यानात बास्केटबॉलचा विषय निघावा, आणि तोही अमेरिकेतील स्त्रियांच्या धंदेवाईक बास्केटबॉलचा, ह्याचे काहींना नवल वाटेल. आपल्याकडे हा खेळ शाळेच्या पटांगणातील दोन खांबांपुरता, फार तर पोलीस आणि रेल्वे ह्यांच्या संघांपुरता माहीत आहे. त्यातून कोणी पोट भरतो असे आपण सहसा ऐकत नाही. परंतु मला आज खेळाचा इतिहास सांगावयाचा नसून एका तंट्याचा सांगावयाचा आहे, आणि तो तंटा आपल्या चांगला ओळखीचा आहे. काम करणाराने किती मागावे, मालकाने तोटा म्हणून किती दाखवावा, आणि हिशोबाची वही कोणाच्या हाती असावी, हा तो तंटा होय. २०२५ च्या अखेरीपर्यंतची हकीकत मी सांगणार आहे. तेथे थांबणार आहे.

२० ऑक्टोबर २०२४ ची रात्र. न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागातील बार्कलेज सेंटर ह्या क्रीडागृहात अठरा हजार माणसे दाटीने बसली आहेत. अमेरिकेतील स्त्रियांची जी मोठी लीग, डब्ल्यूएनबीए, तिच्या अजिंक्यपदाचा निकाल लागावयाचा आहे. एका बाजूस 'न्यूयॉर्क लिबर्टी', दुसऱ्या बाजूस 'मिनेसोटा लिंक्स'. पाचांपैकी तीन सामने जिंकेल त्या संघाला चषक. चार सामने झाले आहेत आणि दोघींचे दोन-दोन झाले आहेत. पहिल्याच सामन्यात मिनेसोटाने अठरा गुणांची पिछाडी भरून काढून जादा वेळात विजय मिळविला होता. त्या दिवशी शेवटच्या सेकंदाला न्यूयॉर्कच्या ब्रिआना स्टुअर्टला दोन फ्री थ्रो मिळाले, एक गेला, एक चुकला. तो गेला असता तर सामना तेथेच संपता. ज्या खेळाडूने असा फेक चुकविलेला असतो तिच्या मनात तो किती दिवस घोळत असेल, हे खेळलेल्या माणसासच कळावे.

पाचव्या सामन्यात तिला पुन्हा तेच करावयाचे होते. खेळ संपण्यास पाच सेकंद उरले आहेत, मिनेसोटा ६०-५८ असा पुढे आहे, आणि पंचाची शिट्टी वाजते. स्टुअर्टला धक्का लागला, असे पंच म्हणतो. मिनेसोटाची प्रशिक्षिका शेरिल रीव्ह हरकत घेते. पंच चित्रफीत पाहतात आणि निर्णय कायम ठेवतात. स्टुअर्टचे दोन्ही फेक जाळ्यात जातात. जादा पाच मिनिटांत न्यूयॉर्क ६७-६२ असे जिंकते. हा संघ लीगच्या पहिल्या वर्षापासूनचा, म्हणजे १९९७ पासूनचा. पाच वेळा अंतिम फेरीत पोहोचून पाचही वेळा हरलेला. सत्तावीस वर्षांनी त्याला चषक मिळाला. रीव्हबाईंनी मात्र पत्रकारांपुढे स्पष्ट सांगितले की हे अजिंक्यपद आमच्याकडून चोरून नेलेले आहे.

आता दुसरा दिवस पाहा. २१ ऑक्टोबरला, विजयाची मिरवणूकही निघावयाची होती तेव्हा, खेळाडूंच्या संघटनेने लीगला नोटीस दिली की चालू वेतनकरारातून आम्ही बाहेर पडत आहो. तो करार २०२७ पर्यंतचा होता. ह्या नोटिशीमुळे तो ३१ ऑक्टोबर २०२५ ला संपणार हे ठरले. आणि ह्या संघटनेच्या उपाध्यक्षांत कोण होत्या? न्यूयॉर्कची ब्रिआना स्टुअर्ट, आणि मिनेसोटाची सर्वांत मोठी खेळाडू नफीसा कोलियर. आदल्या रात्री ज्या एकमेकींच्या अंगावर धावून जात होत्या, त्या सकाळी एकाच कागदाच्या मागे उभ्या होत्या. मला ह्या सबंध इतिहासात हा एक दिवस फार बोलका वाटतो. ह्याचा अर्थ कळावयाचा तर बरेच मागे जावे लागेल.

खेळाचा जन्म सर्वांना माहीत आहे. १८९१ साली मॅसॅच्युसेट्समधील स्प्रिंगफील्ड येथे जेम्स नेस्मिथ ह्या शिक्षकाने तो काढला. दोन वर्षांच्या आत, जवळच्याच स्मिथ कॉलेजात सेंडा बेरेन्सन ह्या व्यायामशिक्षिकेने तो मुलींना शिकविला, पण नियम सौम्य करून. कोर्टाचे भाग पाडले, प्रत्येकीने आपल्याच भागात राहावे असे ठरविले. स्त्रियांना फार धावू देऊ नये ही त्या काळची समजूत. ती मोडावयास पाऊणशे वर्षे लागली. १९७२ च्या कायद्याने सरकारी पैसा घेणाऱ्या शाळा-कॉलेजांत मुलींना मुलांच्या बरोबरीने संधी देणे भाग पडले, १९७६ च्या मॉन्ट्रिअल ऑलिंपिकमध्ये स्त्रियांचे बास्केटबॉल आले, आणि कॉलेजातून बाहेर पडणाऱ्या उत्तम खेळाडूंची एक पिढी उभी राहिली. पुढे खेळावयाचे कोठे, हा प्रश्न तिच्यापुढे होता.

पहिले उत्तर १९७८ मध्ये आले. 'विमेन्स प्रोफेशनल बास्केटबॉल लीग' ह्या नावाने आठ संघांची लीग सुरू झाली आणि ९ डिसेंबरला मिलवॉकी येथे शिकागो आणि मिलवॉकी ह्यांच्यात पहिला सामना झाला. साडेसात हजारांवर प्रेक्षक आले. मालकांना वाटले, धंदा चालणार. पण तो तीनच हंगाम चालला, आणि त्याच्या तीन अजिंक्य संघांची गोष्ट ऐकण्यासारखी आहे. १९७९ ला ह्यूस्टन एंजल्स जिंकला. १९८० ला न्यूयॉर्क स्टार्सने आयोवा कॉर्नेट्सचा पराभव केला. १९८०-८१ च्या हंगामाची यादी काढून पाहिली तर तीत ह्यूस्टन नाही, न्यूयॉर्क नाही, आयोवाही नाही! विजेता गेला आणि उपविजेताही गेला. १९८१ ला नेब्रास्काने डॅलसला हरविले, आणि मग लीगच राहिली नाही. जिंकून संघ वाचत नाही हे स्त्रियांच्या ह्या धंद्याने पहिल्या तीन वर्षांतच शिकविले.

पगाराचे चेक परत येणे ही त्या लीगमध्ये रोजची गोष्ट झाली होती. मार्च १९८१ मध्ये मिनेसोटा फिलीज हा संघ शिकागोला सामना खेळावयास गेला. खेळाडूंचे पैसे थकलेले होते. सामना सुरू व्हावयाच्या वेळी त्या कोर्टावरून चालत बाहेर निघून गेल्या. प्रेक्षक बसलेले, शिकागोच्या मुली तयार, आणि समोर संघ नाही. त्यांची संघटना नव्हती, करार नव्हता, वकील नव्हता. कोर्ट सोडणे एवढेच हत्यार त्यांच्या हाती होते. त्यांना थकलेले पैसे पाहिजे होते. वाढ मागण्याची वेळच आलेली नव्हती.

मधली पंधरा वर्षे ह्या खेळाडू इटली, जपान, स्पेन ह्या देशांत जाऊन खेळत राहिल्या. नंतर १९९६ ला अ‍ॅटलांटाच्या ऑलिंपिकमध्ये अमेरिकेच्या स्त्रीसंघाने सुवर्णपदक मिळविले, आणि एकदम दोन लीगा निघाल्या. पहिली 'अमेरिकन बास्केटबॉल लीग'. ती हिवाळ्यात, म्हणजे खेळाच्या खऱ्या मोसमात खेळे, आणि तिचा किमान पगार सुमारे ४०,००० डॉलर होता. दुसरी डब्ल्यूएनबीए. ही पुरुषांच्या प्रबळ एनबीएने काढलेली. ती उन्हाळ्यात, पुरुषांची क्रीडागृहे मोकळी असतात तेव्हा खेळावयाची. हिच्यात किमान पगार १५,००० डॉलर होता. खेळाडूंच्या दृष्टीने पहिली लीग चांगली. पण दूरचित्रवाणी दुसरीच्या हाती होती, आणि २२ डिसेंबर १९९८ ला ऐन हंगामात पहिलीचे दिवाळे निघाले.

ह्या वेळी एक गोष्ट घडली, ती आपण लक्षात ठेवावी. डब्ल्यूएनबीएच्या खेळाडूंनी १९९८ मध्येच आपली संघटना स्थापन केली होती. स्त्री-खेळाडूंची अशी कामगार संघटना ही पहिलीच. १९९९ च्या वसंतात तिने पहिला करार केला. पगाराचे किमान दर वाढले, वर्षभराचा आरोग्यविमा मिळाला. पण त्याबरोबर, बुडालेल्या लीगमधील किती खेळाडूंना प्रत्येक संघाने घ्यावे ह्यावर मर्यादाही आली. बाहेर उभ्या असलेल्या बहिणी आत आल्या तर आपल्या जागा जातील ही भीती होती. संघटना म्हटले की ती सर्वांची, असे आपण भाषणात म्हणतो. प्रत्यक्षात ती प्रथम आत असलेल्यांची असते. मी हे दोष म्हणून सांगत नाही. जागा थोड्या असल्या आणि मागणाऱ्या पुष्कळ असल्या म्हणजे असे होते.

त्या पहिल्या वर्षांत ह्यूस्टन कॉमेट्स ह्या संघाने जो पराक्रम केला तो अद्याप कोणास साधलेला नाही. १९९७ पासून २००० पर्यंत लागोपाठ चार अजिंक्यपदे. सिंथिया कूपर, शेरिल स्वूप्स, टीना थॉम्पसन अशी त्रयी. चारही अंतिम फेऱ्यांत सर्वोत्कृष्ट खेळाडूचा मान कूपरला. १९९९ साली त्यांची सोबतीण किम पेरो कर्करोगाने ऑगस्टमध्ये वारली, आणि पंधरवड्याने संघ अंतिम फेरी खेळत होता. दुसऱ्या सामन्यात ह्यूस्टन जिंकल्यात जमा होता. तोच न्यूयॉर्कच्या टेरेसा वेदरस्पूनने मध्यरेषेच्या अलीकडून चेंडू भिरकावला आणि घड्याळ थांबण्याच्या क्षणी तो कडीतून गेला. ६८-६७. दुसऱ्या दिवशी ह्यूस्टनने तिसरा सामना जिंकून पद राखले. आता ह्या संघाचे पुढे काय झाले? मालकाने तो विकला, नव्या मालकाला तो झेपला नाही, लीगने गिऱ्हाईक शोधले, मिळाले नाही. डिसेंबर २००८ मध्ये कॉमेट्स बंद झाला. चार चषक होते. ते ठेवावयास घर उरले नाही.

२००३ साली पहिला करार संपला तेव्हा एनबीएचे कमिशनर डेव्हिड स्टर्न ह्यांनी सरळ तारीख दिली. १८ एप्रिलपर्यंत सही झाली नाही तर ह्या वर्षी हंगामच होणार नाही. स्टर्न हा कसलेला वाटाघाट्या माणूस. चारच वर्षांपूर्वी पुरुषांच्या लीगला त्याने सहा महिन्यांहून अधिक काळ टाळे लावून दाखविले होते. धमकी खोटी नव्हती. नुकतेच दोन संघ बंद पडले होते. तरीही खेळाडूंनी त्या करारात एक मोठी गोष्ट मिळविली. काही वर्षे नोकरी केलेल्या खेळाडूला, करार संपल्यावर, आपल्या मर्जीने दुसऱ्या संघात जाण्याची मोकळीक. स्त्रियांच्या सांघिक खेळात ती पूर्वी नव्हती.

ह्यापुढे वीस वर्षे प्रत्येक वाटाघाटीत मालकांचे उत्तर एकच होते: आम्हांला तोटा येतो. २०१८ मध्ये स्टर्नचे उत्तराधिकारी अ‍ॅडम सिल्व्हर ह्यांनी जाहीरपणे सांगितले की लीगला सरासरीने दरसाल एक कोटी डॉलरहून अधिक तोटा झालेला आहे. ज्यांनी मुंबईच्या गिरण्यांचे बोनसचे तंटे पाहिले असतील त्यांना हा सूर ओळखू येईल. मी मालक खोटे बोलत होते असे म्हणत नाही. पहिली दोन दशके ही लीग एनबीएच्या आधारावर उभी राहिली हे मान्य करावे लागेल, आणि तो आधार नसता तर १९८१ ची पुनरावृत्ती झाली असती असे मला वाटते. परंतु तोटा हा आकडा हिशोब कसा मांडला ह्यावर अवलंबून असतो. दूरचित्रवाणीचे हक्क पुरुषांच्या आणि स्त्रियांच्या सामन्यांचे एकाच गाठोड्यात विकले जात. गाठोड्याची किंमत ठरे. त्यातील स्त्रियांच्या खेळाची किंमत किती, हे गाठोडे बांधणाराच ठरवी. पुरुष खेळाडूंना त्यांच्या करारान्वये खेळाच्या उत्पन्नाचा सुमारे निम्मा भाग मिळतो. स्त्रियांना मिळणारा भाग ह्या वर्षांत एक-दशांशाच्या आसपास असावा, असा अंदाज अभ्यासकांनी पुनःपुन्हा केला आहे. पुढे वाटाघाटींत खेळाडूंनी सल्लागार म्हणून क्लॉडिया गोल्डिन ह्या बाईंना घेतले. स्त्रियांच्या कमाईच्या इतिहासावरील कामासाठी २०२३ चे अर्थशास्त्राचे नोबेल त्यांना मिळालेले आहे. वहीतील आकडे वाचणारे माणूस आपल्या बाजूस पाहिजे हे खेळाडूंनी ओळखले होते.

पगार पुरत नाही तर खेळाडू काय करी? हिवाळ्यात परदेशी जाई. ही गोष्ट मी थोडी सविस्तर सांगतो, कारण तंट्याची किल्ली तेथेच आहे. रशियातील येकातेरिनबुर्ग येथे एका खाण-कंपनीच्या पैशावर चालणारा क्लब होता. तो डायना टॉराझी ह्या नामांकित खेळाडूला हंगामाचे सुमारे पंधरा लाख डॉलर देत असे; स्वदेशात तिला कमाल पगार एक लाख सात हजारांच्या घरात. २०१५ मध्ये त्या क्लबने तिला सांगितले, ह्या उन्हाळ्यात तू अमेरिकेत खेळू नकोस, विश्रांती घे. आम्ही पैसे देतो. तिने ते मानले. जगातील सर्वांत मोठ्या लीगमधील मोठी खेळाडू घरी बसते आणि त्याचा मोबदला उरल पर्वतातून येतो! एप्रिल २०१९ मध्ये हंगेरीत युरोपच्या अंतिम सामन्यात खेळताना स्टुअर्टच्या टाचेची शीर तुटली आणि अमेरिकेतला तिचा सबंध हंगाम बुडाला. मग १७ फेब्रुवारी २०२२ ला ब्रिटनी ग्राइनर, त्याच येकातेरिनबुर्गच्या क्लबात रुजू होण्यास जात असता, मॉस्कोच्या विमानतळावर पकडली गेली. सामानात गांजाच्या अर्काच्या नळ्या सापडल्या. नऊ वर्षांची शिक्षा झाली, आणि ८ डिसेंबरला एका शस्त्रविक्रेत्या कैद्याच्या बदल्यात ती सुटली. तिच्या अटकेची राजकीय बाजू सर्वांनी चघळली. ती हिवाळ्यात तेथे गेलीच का, हा प्रश्न पगाराचा होता.

मालकांना ह्या परदेशगमनाचा राग होता, आणि तो निष्कारण नव्हता. थकलेल्या, दुखावलेल्या खेळाडू उशिरा येत. म्हणून २०२० च्या करारात त्यांनी असे कलम घातले की पुढे ज्या खेळाडू वेळेवर हजर होणार नाहीत त्यांना दंड होईल, आणि २०२४ पासून त्यांना तो हंगाम खेळताच येणार नाही.

२०२० च्या ह्या कराराची पूर्वपीठिकाही एका अंतिम सामन्यात आहे. २० ऑक्टोबर २०१६. तारीख पाहा, आठ वर्षांनी न्यूयॉर्कला जे घडले त्याचीच. त्या दिवशी मिनेसोटा स्वतःच्या घरी लॉस एंजेलिसशी पाचवा सामना खेळत होता. तीन सेकंद राहिले असता नेका ओग्वुमिके हिने, आपलाच अडविलेला चेंडू पुन्हा पकडून, तोल गेलेला असता तो टाकला, आणि ७७-७६ असा सामना गेला. त्यापूर्वी मिनिटभर आधी तिचाच एक गोल वेळ संपल्यावर सुटलेल्या चेंडूचा होता, तो मोजावयास नको होता, हे लीगने दुसऱ्या दिवशी कबूल केले. मिनेसोटाच्या वाट्याला दोन्ही वेळा पाचवा सामना, तीच तारीख, आणि पंचांचा वाद! ही ओग्वुमिके त्याच वर्षी खेळाडूंच्या संघटनेची अध्यक्ष झाली. स्टॅनफर्डची पदवीधर, शांतपणे बोलणारी, आणि कागद नीट वाचणारी. १ नोव्हेंबर २०१८ ला संघटनेने जुना करार मुदतीपूर्वी सोडला तेव्हा तिने स्वतःच्या सहीने लेख लिहून कारणे सांगितली.

त्याच उन्हाळ्यात एक प्रसंग घडला होता. लास व्हेगासचा संघ वॉशिंग्टनला निघाला. त्या काळी खेळाडूंनी साध्या प्रवासी विमानानेच जावे असा नियम होता. विमाने रद्द झाली, रात्र विमानतळावर गेली, आणि पंचवीस तासांहून अधिक प्रवास करून संघ पोहोचला तो सामन्याच्या काही तास आधी. दुखापतीची भीती म्हणून खेळाडूंनी खेळण्यास नकार दिला. लीगने तो सामना त्यांनी गमावला असे जाहीर केले, आणि एका विजयाने तो संघ पुढील फेरीस मुकला. मिनेसोटा फिलीजनंतर कोर्टावर न उतरण्याचा हा प्रसंग. पण ह्या वेळी खेळाडूंना कोणी नवशिक्या म्हटले नाही.

नव्या कराराने कमाल पगार १,१७,५०० वरून २,१५,००० डॉलर झाला. बाळंतपणाच्या रजेत पूर्ण पगार, मूल असलेल्या खेळाडूस दोन खोल्यांचे बिऱ्हाड, मुलाच्या सांभाळासाठी वार्षिक रक्कम, दौऱ्यावर प्रत्येकीस स्वतंत्र खोली. ह्या गोष्टी वाचताना हसू येऊ नये. सहा फुटांच्या दोन बायका एका खोलीत आणि विमानातील अरुंद खुर्चीत दबून सामन्यास जात, हे तोवरचे वास्तव होते. पण खरी मेख उत्पन्नाच्या वाटणीच्या कलमात होती. ठरावीक उद्दिष्टाच्या वर गेलेल्या उत्पन्नात खेळाडूंना निम्मा वाटा मिळावयाचा होता, आणि उद्दिष्ट वर्षानुवर्षांच्या बेरजेचे. करार जानेवारीत झाला. मार्चमध्ये महामारी आली. २०२० चा हंगाम फ्लॉरिडात प्रेक्षकांवाचून खेळावा लागला. पहिल्याच वर्षी बेरीज एवढी मागे पडली की वाटणीचे कलम कागदावर राहिले.

मालक सगळे एका माळेचे मणी होते असेही नाही. न्यूयॉर्कच्या लिबर्टीला तिच्या जुन्या मालकाने २०१८ मध्ये शहराबाहेर व्हाइट प्लेन्स येथील एका जुन्या, पाच हजार जागांच्या सभागृहात नेऊन टाकले होते. २०१९ मध्ये जो साय ह्यांनी संघ घेतला आणि ब्रुकलिनला आणला. २०२१ मध्ये त्यांनी खेळाडूंना भाड्याच्या स्वतंत्र विमानाने नेले, तर लीगने त्यांनाच पाच लाख डॉलर दंड केला! कारण असे की इतर मालकांना ते परवडणारे नव्हते आणि स्पर्धा समान पाहिजे. नोकरांस सुख दिल्याबद्दल धन्यास दंड, हा प्रकार आपल्याकडील कारखानदारांना फार आवडला असता. २०२४ मध्ये लीगने स्वतःच सर्व संघांसाठी खास विमाने सुरू केली.

अ‍ॅटलांटाचे उदाहरण निराळे. तेथील संघाच्या सहमालकीण सिनेटर होत्या, आणि २०२० मध्ये त्यांनी खेळाडूंच्या वर्णद्वेषविरोधी चळवळीस विरोध केला. खेळाडूंनी त्यांचे नाव घेण्याचेही टाळले आणि निवडणुकीतील त्यांच्या प्रतिस्पर्ध्याला मत द्या असे लिहिलेले सदरे घालून त्या मैदानात आल्या. सिनेटरबाई निवडणूक हरल्या, फेब्रुवारी २०२१ मध्ये संघ विकला गेला, आणि नव्या मालकांत रेने माँटगोमेरी ही त्याच संघाची माजी खेळाडू होती.

आता २०२४ वर येऊ. त्या वर्षी कॉलेजातून केटलिन क्लार्क आली आणि क्रीडागृहे भरू लागली. प्रेक्षकसंख्या बावीस वर्षांत झाली नव्हती एवढी झाली. तिचा पहिल्या वर्षाचा पगार ७६,५३५ डॉलर, कारण नवागतांचा दर करारात बांधलेला. जुलैमध्ये दूरचित्रवाणीचा नवा सौदा झाला: २०२६ पासून अकरा वर्षे, स्त्रियांच्या लीगच्या नावे सुमारे २२० कोटी डॉलर, म्हणजे दरसाल वीस कोटी. हाही पुरुषांच्या सौद्याच्या गाठोड्यातच बांधलेला. नवा संघ काढावयाचा तर लीगला द्यावयाची रक्कम पाच कोटी होती. २०२५ च्या जूनमध्ये क्लीव्हलँड, डेट्रॉइट आणि फिलाडेल्फिया ह्यांच्याकडून प्रत्येकी पंचवीस कोटी घेण्याचे ठरले. तोट्याच्या धंद्यात शिरावयास एवढी रांग लागत नसते. त्या वर्षी २० ऑक्टोबरचा सामना लाखोंनी पाहिला. अंतिम फेरीचा सामना एवढ्या लोकांनी पाहिल्यास पंचवीस वर्षे लोटली होती. आणि म्हणून, २१ तारखेची नोटीस.

जाताना एक तरतूद त्यांनी करून ठेवली होती. स्टुअर्ट आणि कोलियर ह्या दोघींनी मिळून 'अनरिव्हल्ड' ही तीन-तीन खेळाडूंची हिवाळी लीग उभारली. जानेवारी २०२५ मध्ये मायामी येथे ती सुरू झाली, आणि तिच्या सरासरी पगाराचा आकडा डब्ल्यूएनबीएच्या कमाल पगाराच्या जवळ जाणारा होता. आता उरल पर्वताकडे जाण्याचे कारण राहिले नाही. १९८१ च्या मुलींना कोर्टावरून उठून जावे तर घरीच जावे लागले. ह्या मुलींनी दुसरे कोर्ट आधी बांधले. वाटाघाटीत मेजावरील बोलण्याहून अशा गोष्टींना अधिक वजन असते.

१९ जुलै २०२५ ला इंडियानापोलिस येथे निवडक खेळाडूंचा वार्षिक सामना होता. सरावासाठी सर्व जणी आल्या त्या काळे सदरे घालून, आणि त्यांवर अक्षरे होती: आमचे देणे आम्हांला द्या. त्या सामन्यात कोलियरने छत्तीस गुण केले. कमिशनर कॅथी एंगलबर्ट तिला चषक देत असताना प्रेक्षकांतून 'ह्यांना पैसे द्या' असा घोष उठला. मागणी वाढीची नव्हती, वाटणीची होती. उत्पन्नाचा हिस्सा ठरावीक टक्क्यांनी मिळावा, आणि तो एकूण उत्पन्नाचा. खर्च वजा जाता उरेल त्याचा नव्हे, कारण खर्चाची वही मालकाकडे. सिल्व्हर ह्यांचे म्हणणे असे की टक्केवारी पाहू नका, मिळणारी रक्कम पाहा. ती पुष्कळ वाढेल, आणि त्यांचा तो हक्कच आहे. वीस वर्षांपूर्वी हे उत्तर विजय ठरले असते.

सप्टेंबरात मिनेसोटाचा उपांत्य फेरीत पराभव झाला. कोलियरचा घोटा दुखावला, तिला धक्का देणारीस शिट्टी वाजली नाही, रीव्हबाई पंचांवर धावून गेल्या आणि त्यांना बाहेर काढले गेले. ३० सप्टेंबरला कोलियर पत्रकारांपुढे कागद घेऊन बसली. पंचांच्या दर्जाबद्दल तक्रार करून तिने पुढे सांगितले की जगातील उत्तम खेळाडू आणि उत्तम प्रेक्षक आमच्याजवळ आहेत, नेतृत्व मात्र सर्वांत वाईट आहे. खेळाडूंनी नव्या सौद्याबद्दल गुडघे टेकून आभार मानावेत, आणि क्लार्कने ह्या व्यासपीठाबद्दल कृतज्ञ राहावे, असे एंगलबर्ट आपल्याशी खाजगीत बोलल्या, असेही ती म्हणाली. ३ ऑक्टोबरला, अंतिम फेरी सुरू होत असताना, एंगलबर्ट ह्यांनी क्लार्कविषयीचे ते उद्गार आपण काढले नाहीत असे सांगितले, आणि खेळाडूंना उपेक्षा वाटत असेल तर आपल्याला सुधारावे लागेल, अशी कबुलीही दिली. त्या वर्षी अंतिम फेरी प्रथमच सात सामन्यांची केली होती. लास व्हेगासने फीनिक्सला ओळीने चार सामन्यांत हरवून ती १० ऑक्टोबरला संपविली. ए'जा विल्सन सर्वोत्कृष्ट ठरली. पत्रांतून मात्र चर्चा तिच्या खेळापेक्षा त्या कागदाची अधिक झाली. माझ्या मते ही विल्सनवर थोडी अन्यायाचीच गोष्ट होती.

३१ ऑक्टोबरला करार संपला. मुदत आधी ३० नोव्हेंबरपर्यंत वाढविली, नंतर ९ जानेवारीपर्यंत. १८ डिसेंबर २०२५ ला संघटनेने मतदानाचा निकाल सांगितला. कार्यकारी समितीस योग्य वाटेल तेव्हा संप पुकारण्याचा अधिकार द्यावा काय, एवढाच प्रश्न होता. शंभरांत त्र्याण्णव खेळाडूंनी मत दिले, आणि मत देणाऱ्यांपैकी अठ्ठ्याण्णव टक्क्यांनी होय म्हटले. मत देणाऱ्यांत त्या वर्षी पहिल्यांदाच पगार घेतलेल्या मुली होत्या, आणि ज्यांचा पुढचा हंगाम कदाचित शेवटचा ठरावयाचा अशाही काही होत्या. संप झाला तर ह्या दुसऱ्या गटाला भरपाई कोठूनही मिळणार नव्हती. शिकागोच्या कोर्टावरून १९८१ साली निघून गेलेल्या मिनेसोटाच्या खेळाडू त्या दिवशी साठीच्या पलीकडे गेलेल्या होत्या.